गोडी आणि चटक

मराठीत ‘लावणं’ हे क्रियापद फार कामाचं आहे. गोडी लावतात, सवय लावतात, शिस्त लावतात, लळा लावतात, नाद लावतात, चटक लावतात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दुसऱ्याच्या मनात काहीतरी पेरत असतं. तरी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. आजोबांनी नातीला वाचनाची गोडी लावली असं म्हटलं की ऐकणारा खूश होतो. टपरीवरच्या मित्रांनी माव्याची चटक लावली असं म्हटलं की त्याच माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात. वरवर पाहता दोन्हीकडे एकच गोष्ट घडलेली असते. ज्याला आधी काही नको होतं, त्याला ते हवंसं वाटायला लागलं. मग फरक नेमका कुठे आहे?

हा प्रश्न मला शब्दांच्या हौसेतून पडलेला नाही. माझं पोट त्यावर चालतं. शिकवणाऱ्या ॲपसाठी गणिताचे धडे रचणं हे माझं काम आहे. एखादी कल्पना घ्यायची, पाच-सहा मिनिटांत संपतील असे तिचे तुकडे करायचे, प्रश्न कुठे विचारायचा, मदत कधी द्यायची, चुकलं तर काय दाखवायचं हे ठरवायचं. या धंद्यात ‘मुलांना हे समजलं का?’ हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. ‘मुलं उद्या परत येतील का?’ हा मात्र रोज विचारला जातो, कारण त्याचा आकडा रोज सकाळी सगळ्यांसमोर असतो.

मुलांना परत आणायची साधनं तुम्हालाही माहीत आहेत. सलग किती दिवस आलात त्याची साखळी, म्हणजे स्ट्रीक. बिल्ले, नाणी, हिरे. मित्रांच्या यादीत आपण कितवे आहोत तो तक्ता. आणि रात्री उशिरा येणारी नोटिफिकेशन, जिच्यात एखादं गोंडस चित्र डोळ्यांत पाणी आणून आपली वाट पाहत असतं. या सगळ्याला आमच्या भाषेत ‘मोटिव्हेशन डिझाइन’ म्हणतात. आम्ही जे लावतो ती गोडी आहे की चटक, हा प्रश्न त्या नावात कुठेच येत नाही.

या साधनांचा उगम दुष्ट हेतूत नाही, हे आधी सांगायला हवं. १९५३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला गेले होते. काही मुलांची गणितं केव्हाच संपली होती, काही अडकून बसली होती आणि आपलं उत्तर बरोबर आलं की चूक, हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. स्किनर यांनी घरी येऊन शिकवणाऱ्या यंत्राचे आराखडे करायला घेतले. छोटा प्रश्न, मुलाचं उत्तर, लगेच निकाल, आणि पुढे जायचं ते ज्याच्या त्याच्या गतीनं. वर्ग शिक्षेच्या धाकावर चालतात, ही त्यांची तक्रार होती. बरोबर उत्तर येणं हेच मुलासाठी बक्षीस आहे, असं त्यांना वाटत होतं. छडीच्या जागी यशाचा आनंद ठेवू पाहणाऱ्या माणसाला खलनायक ठरवता येणार नाही.

पण याच स्किनरनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. बक्षीस दर वेळी न देता कधी पाचव्या, तर कधी पन्नासाव्या प्रयत्नाला दिलं, तर कबूतर थकेपर्यंत चोच मारत राहतं. जुगाराची यंत्रं याच हिशेबावर चालतात, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आजच्या शिकवणाऱ्या ॲपमध्ये या दोन्ही कल्पना शेजारी-शेजारी नांदतात. उत्तराचा खुलासा लगेच मिळतो, ही पहिली. पेटीतून आज काय निघेल याची हुरहुर लावतात, ही दुसरी. पहिली शिकण्याच्या आतली आहे. दुसरीला तुम्ही काय शिकताय याच्याशी काहीच देणंघेणं नाही.

माझी भाची सातवीत आहे. एका भाषेच्या ॲपवर तिची दोनशेहून जास्त दिवसांची साखळी झाली होती. एकदा रात्री ती अगदी पहिला धडा पुन्हा करताना दिसली.

“हा तर तुला केव्हाच येतो ना गं?” मी विचारलं.

“मावशी, आज जाम कंटाळा आलाय. हा दोन मिनिटांत होतो. साखळी तुटत नाही.”

तिचं काही चुकलेलं नव्हतं. तिच्यासमोर जो खेळ मांडला होता, तो ती हुशारीनं खेळत होती. खेळ भाषेचा नव्हता, साखळीचा होता, एवढंच.

तत्त्वज्ञ ॲलस्डेअर मॅकिंटायर यांच्या १९८१ साली आलेल्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या पुस्तकात याच्याशी जुळणारं एक उदाहरण आहे. सात वर्षांच्या एका हुशार मुलाला बुद्धिबळ शिकवायचं आहे. त्याला बुद्धिबळात रस नाही, गोळ्या-चॉकलेटांत आहे. मग आपण त्याला सांगतो, आठवड्यातून एकदा माझ्याशी खेळ, तुला खाऊ मिळेल, आणि जिंकलास तर आणखी मिळेल. मूल खेळायला लागतं, जिंकायचा प्रयत्नही करतं. मॅकिंटायर म्हणतात, जोवर खाऊ हे एकच कारण आहे, तोवर फसवून जिंकता येत असेल तर तसं न करण्याचं त्या मुलाला काहीच कारण नाही. आशा अशी, की एक दिवस त्याला बुद्धिबळातलंच काहीतरी आवडायला लागेल. पुढची चाल हेरण्याची मजा, डाव रचण्याची कल्पकता. त्यानंतर त्यानं फसवलं, तर तो आपल्याला नव्हे, स्वतःलाच फसवत असेल.

मला हे उदाहरण फार उपयोगी वाटतं, कारण त्यातून मोजता येणारी कसोटी मिळते. विद्यार्थ्याला काय हवंय, हे तो पळवाट कुठे शोधतो त्यावरून कळतं. गाणं शिकणारी मुलगी सूर लागल्याचं सोंग करून स्वतःचं समाधान करून घेऊ शकत नाही. साखळी जपणारी मुलगी सोपा धडा परत करून समाधानी होऊ शकते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं, भरारी पथकं फिरवावी लागतात. त्यावर बोलताना आपण मुलांच्या नीतिमत्तेची काळजी करतो. ती करावीच. पण दहा-बारा वर्षं मार्कांच्या खाऊवर बुद्धिबळ खेळवल्यावर मुलं खाऊच मागतात, यात नवल ते काय?

खाऊचा आणखी एक धोका १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच पेनं पुन्हा समोर ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी सुमारे ९ टक्के वेळ चित्रांना दिला. बाकीच्या दोन्ही गटांनी १७-१८ टक्के दिला. चित्र ही मजा होती, तिचं काम झालं. कामाचा मोबदला थांबला, तशी मुलंही थांबली.

हा प्रयोग सांगून ‘बक्षीस वाईट’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. पण प्रयोग तेवढं सांगत नाही. अनपेक्षित बक्षिसानं तिथे काही बिघडलं नाही. शिवाय ती मुलं आधीपासून चित्रांत रमणारी होती. जिथे आवड अजून जन्मलेलीच नाही, तिथे ती मारली जाण्याचा प्रश्न येत नाही. आणि जिथे मूल वर्गापर्यंत पोचतच नाही, तिथे तर सगळी चर्चाच वेगळी होते.

१८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं, अशी त्यांची मागणी होती. ती आपल्याला पाठ असते. त्याच निवेदनात त्यांनी असंही म्हटलं आहे, की गरीब जातींची मुलं गुरं राखायला आणि शेतावर राबायला लागतात, म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. त्यांना शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं द्या, म्हणजे आईबाप मुलांना पाठवतील आणि त्यांच्यात विद्येची आवड निर्माण होईल. बक्षिसाची मागणी इथे खुद्द फुले करतात, आणि गोडी लागावी म्हणूनच करतात. मग स्टॅनफर्डच्या बालवाडीचं काय करायचं?

मला वाटतं, इथे एकाच ‘बक्षीस’ शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. मूल गुरांमागे गेलं नाही तर घराचं काही नुकसान होतं. शिष्यवृत्ती ते थोडं भरून काढते. पुढे महाराष्ट्रात गरीब घरातल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना आली. देशभरात शाळेत खिचडी शिजू लागली. खिचडी कुणाला भूमितीची गोडी लावत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. भुकेल्या पोटी भूमिती ऐकू येत नाही, तो अडथळा ती दूर करते. हे आमिष नव्हे. वाटेतला दगड उचलणं आणि मागून ढकलणं, या दोन निराळ्या कृती आहेत.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. मुलं शाळेत येत नसत. ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. या दोघींनी मुलं का येत नाहीत, ते पाहिलं. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. मुलं गुरं घेऊन रानात जात होती, म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. लहानगी घर-अंगण सोडून लांब येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथूनच आला. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले.

‘मुलांना कसं बदलायचं?’ हा प्रश्न इथे कुठेच नाही. मुलांच्या न येण्याला एक कारण आहे, ते शहाणपणाचं कारण आहे, आणि बदलायचं असेल तर शाळेनं बदलायचं, हे यात गृहीत आहे. मुलांनी तोंडानं विचारला नसला तरी ‘मी शाळेत का येऊ?’ हा प्रश्न त्यांच्या पाठीमागून दिसत होता. त्या दोघींनी त्याला उत्तर दिलं.

माझं म्हणणं मी याच प्रश्नाशी आणून ठेवते. शिकणाऱ्याच्या मनात नेहमी एक ‘का?’ असतो. हे मी का शिकू? आत्ता का? तुझ्याकडून का? कंटाळा हे त्या प्रश्नाचंच बोलीतलं रूप आहे. शिकवणं रचणारा माणूस या प्रश्नाचं तीनपैकी एक काहीतरी करतो. तो त्याचं उत्तर देतो. किंवा उत्तर देता यावं म्हणून मधला अडथळा काढतो. किंवा प्रश्न ऐकूच येऊ नये इतका दुसरा आवाज वाढवतो. पहिल्या दोन्हींतून गोडी लागू शकते. तिसऱ्यातून चटक लागते.

आवाज वाढवण्यात वाईट काय? मूल शिकतंय ना, असं कुणी म्हणेल. माझ्या मते दोन नुकसानं होतात. एक विद्यार्थ्याचं. आपल्याला काय हवंय, काय नकोय आणि का, हे ओळखणं ही शिकण्यातली सगळ्यात महत्त्वाची कमाई आहे, आणि नेमकी तीच बोथट होते. दोनशे दिवसांनंतर माझ्या भाचीला साखळी तुटण्याची भीती अगदी नेमकी सांगता येत होती. ती भाषा आपल्याला आवडते का, हे मात्र सांगता येत नव्हतं. दुसरं नुकसान शिकवणाऱ्याचं. साखळीच्या भीतीनं परत आलेलं मूल माझ्या आकड्यांत ‘धडा आवडला’ म्हणून नोंदवलं जातं. माझा धडा रटाळ होता, ही बातमी मला कधीच मिळत नाही. वर्गातल्या शिक्षकाला ती जांभयांतून मिळते. कंटाळा ही माहिती आहे. तिच्यावर गोड वेष्टण चढवलं की आधी शिक्षक आंधळा होतो.

शिक्षण-रचनेच्या अभ्यासात जॉन केलर यांची एक चौकट गेली चाळीसेक वर्षं शिकवली जाते. प्रेरणेचे चार पाय त्यांनी सांगितले. लक्ष वेधणं, शिकणाऱ्याशी संबंध जोडणं, जमेल असा विश्वास देणं आणि शेवटी समाधान मिळणं. चौकट चांगली आहे. पण फोनच्या पडद्यावर ती आली की तीन पाय रंग-आवाजांनी उभे करता येतात. झगमगाट लक्ष वेधतो, सोपे प्रश्न विश्वास देतात, टाळ्यांचा आवाज समाधान देतो. दुसरा पाय, म्हणजे ‘हे माझ्या जगण्याशी कुठे जोडलंय?’, चित्रकाराकडून करून घेता येत नाही. त्यासाठी समोरचा कोण आहे हे माहीत असावं लागतं. म्हणून खर्चात कपात झाली की पहिल्यांदा हाच पाय कापला जातो.

तो पाय शाबूत ठेवला तर काय होतं, याचं एक साधं उदाहरण देते. टक्केवारीचा धडा आहे. समजा, १२,००० रुपयांचा फोन हप्त्यावर घ्यायचा आहे. विकणारा म्हणतो, व्याज वर्षाला फक्त १० टक्के, फ्लॅट. म्हणजे व्याज १,२०० रुपये, एकूण १३,२००, महिन्याला १,१०० चा हप्ता, बारा महिने. हिशेब चोख. आता मुलांना एवढंच विचारायचं: सहा हप्ते भरून झाल्यावर तुझ्याकडे त्यांचे किती पैसे उरलेत? साधारण निम्मे. मग व्याज कशावर मोजलंय? पहिल्या दिवशीच्या पूर्ण १२,००० वर, शेवटपर्यंत. जेवढं कर्ज खरोखर शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज धरलं, तर हाच दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. या धड्याला नाणी आणि हिरे लागत नाहीत. मुलं स्वतःहून घरातल्या हप्त्यांचे कागद काढतात. इथे पळवाट शोधण्यात अर्थच नाही, कारण चुकीचं उत्तर काढून फसणार तो आपण स्वतःच.

पण ‘संबंध’ म्हणजे नुसता उपयोग असं मानलं तर आपण दुसऱ्या खोट्यात शिरतो. सगळ्याच गोष्टींना हप्ता जोडता येत नाही. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी थोडक्या वाक्यांत सिद्ध करून ठेवलं. सातवीतल्या मुलीनं ते का समजून घ्यावं? आम्ही लिहितो, ‘तुमचे ऑनलाइन व्यवहार मूळ संख्यांमुळे सुरक्षित राहतात!’ ते खरं आहे, पण ते तिच्यासाठी कारण नाही. ते ठोकून बसवलेलं कारण आहे. खरं कारण असं: कुणालाही मोजून संपवता न येणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस घरात बसून, नुसता विचार करून, खात्रीनं बोलू शकतो, हे एकदा अनुभवण्यासारखं आहे. अडचण एवढीच, की हे कारण अनुभवल्यानंतरच पटतं. आधी सांगून उपयोग नाही.

इथे शिकवणाऱ्याला उधारी मागावी लागते. ‘आत्ता माझ्यावर विश्वास ठेव, कारण तुला पुढे दिसेल.’ प्रत्येक चांगल्या शिक्षकानं कधी ना कधी हे म्हटलेलं असतं. गाण्याचा गुरू शिष्याला महिनोन्‌महिने एक सा लावायला बसवतो, तेव्हा तोही उधारीच मागत असतो. म्हणून मी सवय लावण्याच्या विरुद्ध नाही. रियाज ही सवयच आहे, आणि कंटाळ्याच्या दिवशीही बसावं लागतं. रोज येण्याची आठवण करून देणारी साखळी कुणाला रियाजाला बसवत असेल, तर तिच्याशी माझं भांडण नाही. पण रियाजात गुरू ऐकत असतो. सुरात फरक पडला की दोघांनाही कळतं. म्हणजे उधारी हप्त्या-हप्त्यानं फिटत असते, आणि ती सुराच्याच नाण्यात फिटते. साखळी दिवस मोजते, सूर ऐकत नाही. भाषेसाठी घेतलेली उधारी ती बिल्ल्यांत फेडते.

पंचतंत्राची सुरुवात या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मुलगे, तिघांनाही शिकण्याचा तिटकारा. म्हातारा विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवण्याचं वचन देतो, आणि राजानं देऊ केलेली शंभर गावांची सनद नाकारतो, आपण विद्या विकत नाही असं सांगून. मग तो गोष्टी सांगतो. पण त्या गोष्टी म्हणजे कडू औषधावरची साखर नव्हेत. सिंह आणि बैलाची मैत्री कोल्हा कशी तोडतो, ही गोष्ट हीच राजनीती आहे. गोष्ट काढून घेतली तर खाली वेगळा धडा उरत नाही. याउलट हिऱ्यांची पेटी गणितावरून उचलून इतिहासाला लावता येते, व्यायामाला लावता येते, किराण्याच्या ॲपला लावता येते. जी प्रेरणा कुठल्याही विषयाला चिकटवता येते, ती कुठल्याच विषयाबद्दल काही सांगत नसते.

हे सगळं लिहिणं सोपं आहे. ऑफिसात ते जड जातं. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक प्रस्ताव आला. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी रात्री साडेदहाची नोटिफिकेशन, रडवेला पोपट, आणि खाली ‘तू मला विसरलास ना?’ मी विचारलं, “खरं कारण लिहायचं का त्याखाली? ‘तू आला नाहीस तर आमचा आजचा आकडा कमी होईल’ असं?” सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न गंमतीचा नव्हता. जे साधन वापरण्याचं कारण विद्यार्थ्याला उघड सांगितल्यावर निकामी होतं, ते त्याच्या समजुतीवर चालत नाही, त्याच्या गैरसमजावर चालतं. हप्त्याच्या धड्यामागचा हेतू मी मुलांना सांगू शकते, धडा जास्तच रंगेल. पोपटामागचा हेतू सांगितला तर पोपट मेला. शेवटी तडजोड झाली. पोपट राहिला, फक्त हसरा झाला, आणि वेळ संध्याकाळी साडेसातची ठरली. माझा पगार मुलांच्या परत येण्यावर अवलंबून आहे, आणि चांगलं शिकवणं तर मुलाला एक दिवस आपली गरज उरू नये यासाठी असतं. ही ओढाताण एका बैठकीत सुटणारी नाही. ती सुटल्याचं सोंग मला करायचं नाही.

तुमच्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये आत्ता एखादी साखळी चालू असेल. भाषेची, कोडिंगची, स्पर्धा परीक्षेच्या सरावाची. ती तोडा असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी खरंच वेळ नसेल, त्या दिवशी सोपा धडा टिचकी मारून उरकू नका. तुटू द्या. शून्य दिसेल. मग दोन-तीन दिवस स्वतःकडे नीट लक्ष द्या. बसच्या पाटीवरचं एखादं वाक्य मनातल्या मनात त्या भाषेत जुळवावंसं वाटलं, अर्धवट राहिलेलं कोडं आंघोळ करताना डोक्यात आलं, तर तुमच्याकडे जे आहे ते तुमचं आहे, ते कुठल्या आकड्यावर अवलंबून नाही. आणि नुसतं हायसं वाटलं, तर तेही उत्तरच आहे. इतके दिवस एक ‘का?’ विचारायचा राहून गेला होता, तो आता शांतपणे विचारता येईल.